जुनी लाकडी मालवाहू होडी संग्रहालयात आत घ्यायची आहे: टेकू, वाळवण, गंजलेले खिळे

नाळ_ते_सुकाणू (प्रश्न)

11 मीटर लांबीची, वांकांवर (आतल्या आडव्या बरगड्यांवर) फळ्या ठोकून बांधलेली मालवाहू होडी संग्रहालयाच्या आवारात आली आहे. आधी ती कित्येक वर्षं उघड्यावर, मधोमध ठेवलेल्या दोन ओंडक्यांवर टेकलेली होती. पठाणाखालून (तळाच्या मधल्या लांब तुळईखालून) दोरी ताणून मोजलं तर मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा 38 मिमी वर आहे. तळाच्या फळ्यांमध्ये 3 ते 6 मिमीच्या फटी पडल्यात. खिळे लोखंडी, डोक्यांभोवती काळे डाग, काही ठिकाणी लाकूड बोटानं दाबलं तरी आत जातं. आतल्या बाजूनं पांढरी खारट पूड. बाहेर रंगाचे किती थर आहेत ते कळत नाही.

ती आता इमारतीत न्यायची आहे. सूचना बऱ्याच आल्यात: जवसाचं तेल पाजा, फटींत पुटी भरा, बाहेरून फायबरग्लास चढवा, जॅक लावून बाक काढा. यातलं काय करावं, काय मुळीच करू नये, आणि कामाचा क्रम काय असावा?

---

कोरडी_गोदी

क्रमाचं आधी सांगतो. टेकू, मग मोजणी आणि नोंद, मग हलवणं, मग सावकाश वाळवणं. दुरुस्ती आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. तेल, पुटी आणि फायबर तिन्ही सध्या बाजूला ठेवा.

पाण्यात असते तेव्हा होडीच्या तळाला पाणी सगळीकडून उचलून धरतं. जमिनीवर आली की तेच वजन दोनचार ठिकाणी एकवटतं. तुमच्या होडीला मधेच आधार होता, म्हणून टोकं आपल्या वजनानं खाली गेली. त्याच वेळी काठ बाहेर फाकले असणार, तेही मोजा. दर मीटरला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतची रुंदी घ्या आणि आजच काठांच्या पातळीवर तीनचार आडव्या पट्ट्या बांधा, म्हणजे यापुढे तरी फाकणार नाही.

पठाणाखाली दर 1 मीटरला ठोकळा हवा, तोही काँक्रीटवर. मातीवर ठेवला तर तो एका बाजूनं खचतो आणि होडीला पीळ बसतो. प्रत्येक ठोकळ्यावर समोरासमोरून ठोकायच्या पाचरींची जोडी ठेवा, नंतर उंची त्यांच्यावरच जुळवायची असते. बाजूचे टेकू नेहमी वांकाच्या रेषेत द्या. दोन वांकांच्या मधे फळीवर टेकू दिला की ती फळी आत दबते आणि खिळे उपटतात. टेकूच्या डोक्यावर बंद पेशींचा पॉलिथिलीन फोम लावा. गोणपाट, गालिचा, नमदा नको. ते ओल धरून ठेवतात आणि नेमकी टेकूखालची फळी कुजते, जिथे कोणाची नजर जात नाही.

टेकू जितके जास्त आणि जितके जुळवता येण्याजोगे, तितकं बरं. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या एचएमएस व्हिक्टरी या जुन्या लाकडी युद्धनौकेला अनेक दशकं 22 पोलादी पाळण्यांवर ठेवलं होतं. जहाज त्यांच्यावर बसत, दबत गेलं. शेवटी 134 टेकू बसवले, आणि कुठल्या टेकूवर किती भार येतो ते त्यात सतत मोजलं जातं.

38 मिमीचा बाक जॅकनं एका दमात काढायचा नाही. लाकूड त्या आकाराला सरावलंय, सांधेही तसेच बसलेत. जबरदस्ती केली तर खिळ्यांशी फळ्या चिरतात. टोकांखालच्या पाचरी एका वेळी 2 मिमीपेक्षा जास्त ठोकू नका, मग दोनतीन आठवडे थांबा, पुन्हा दोरी ताणून मोजा. करकर ऐकू आली किंवा नवी चीर दिसली की तिथेच थांबायचं. निम्मा बाक गेला तरी पुरे. उरलेला त्या होडीच्या आयुष्याचा भाग समजून ठेवावा.

क्रेननं उचलताना सुटी वजनं, नीरम (तोल राखायला तळात ठेवलेलं वजन), इंजिन असल्यास तेही आधी काढा. दोन रुंद पट्टे वांकांच्या रेषेत घ्या आणि वर आडवी तुळई हवीच. ती नसेल तर पट्टे वरच्या बाजूनं काठ आत चेपतात. जुन्या कड्यांना किंवा खुंट्यांना हूक लावून उचलू नका.

---

ओलावा_बघा

टेकूबद्दल वर आलंच आहे, मी वाळवणीबद्दल लिहिते.

लाकडातला ओलावा साधारण 28 ते 30 टक्क्यांच्या खाली गेला की ते आकसायला लागतं. बाहेर होडी 18-20 टक्क्यांवर असेल आणि आतली सापेक्ष आर्द्रता 55 टक्के ठेवली, तर लाकूड शेवटी 10 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतं. सपाट चिरलेली 200 मिमी रुंद फळी 20 वरून 10 टक्क्यांवर आली की अंदाजे 5 मिमी अरुंद होते. म्हणजे तुमच्या फटी आत आल्यावर अजून रुंदावणार. त्याला घाबरू नका. फट ही फळीची मोकळी जागा आहे. ती कडक पुटीनं भरली आणि पुढे हवा दमट झाली, तर फुगायला जागा न मिळाल्यानं फळीच्या कडा चेचल्या जातात आणि खिळे तुटतात.

खरा धोका आहे घाईनं वाळवण्याचा. फळ्यांची उघडी टोकं बाकीच्या लाकडापेक्षा कितीतरी भराभर सुकतात आणि चिरा तिथूनच सुरू होतात. होडीवर सांगाडा उभारून पॉलिथिनचा तंबू करा. आत आर्द्रता बाहेरच्या सरासरीइतकी, समजा 70 टक्के, ठेवून सुरुवात करा आणि महिन्याला 2-3 टक्क्यांनी उतरवत 55 वर आणा. तंबूत छोटा पंखा हवा. 65 च्या वर हवा कोंडली की बुरशी येते.

मापनात एक फसगत हमखास होते. सुया टोचून ओलावा सांगणारा मीटर विजेच्या रोधावर चालतो. लाकडात मीठ असलं की तो खूपच जास्त आकडा दाखवतो. लाकूड 14 टक्क्यांवर असताना 30 दिसू शकतं. म्हणून होडीचाच एखादा आधीच निखळलेला तुकडा साक्षीला ठेवा आणि दर आठवड्याला त्याचं वजन करा. वजन उतरायचं थांबलं की समजायचं लाकूड हवेशी जुळलं. खरा टक्का हवा असेल तर त्यातलीच एक छोटी चकती 103 अंशांवर भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवून काढा.

पांढऱ्या पुडीबद्दल. साधं मीठ 75 टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि त्याखाली पुन्हा स्फटिक होतं. हवा या रेषेच्या वर-खाली जात राहिली की प्रत्येक वेळी स्फटिक लाकडाचे तंतू फोडतात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. पूड मऊ ब्रशनं सैल करून व्हॅक्यूमनं ओढून घ्या. मिठाला सरसकट शत्रू मात्र समजू नका, त्यानं कुज रोखलेली असते. लाकडी जहाजांच्या वांकांमध्ये मुद्दाम मीठ भरायची पद्धत होती. होडी कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. म्हणून कुज शोधायची तर वांकांची वरची टोकं, काठाची पट्टी आणि तळात पाणी साचायच्या जागा आधी तपासा.

---

काथ्या_राळ

फटी बंद करायला होडीत पाणी भरून ठेवतात किंवा ओली गोणपाटं अंथरतात. फळ्या फुगून चारपाच दिवसांत फट मिटते. हे नाही का चालणार?

---

ओलावा_बघा

जी होडी लगेच पाण्यात सोडायची आहे तिच्यासाठी ते ठीक. आत ठेवायच्या होडीसाठी नको. भिजलेल्या फळ्या पुन्हा सुकणारच, आणि फुगण्या-आकसण्याच्या प्रत्येक फेऱ्यात खिळ्याचं भोक थोडं मोठं होतं. गोड्या पाण्यानं कुजीला वाट मिळते ती वेगळीच. शिवाय वजन बघा. एक घनमीटर पाणी म्हणजे 1 टन, आणि तो भार आतून बाहेर ढकलतो. जमिनीवर त्याला पेलायला बाहेरून पाणी नसतं.

---

खिळा_आणि_रंग

लोखंडाचं आणि लाकडाचं एकमेकांशी पटत नाही, हा या होड्यांचा मूळ आजार आहे. खारट ओल्या लाकडात खिळा गंजतो, भोवती आम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात आणि ते लाकडातलं सेल्युलोज तोडतात. काळा डाग म्हणजे लोह आणि लाकडातल्या टॅनिनचा संयोग. जवळ तांब्याचा किंवा पितळेचा भाग असेल तर त्याच्याभोवती उलट अल्क तयार होतं आणि लाकूड पांढरं, पिंजल्यासारखं होतं. दोन्हींचे नकाशे वेगवेगळे काढा, कारण जागा सारखी दिसली तरी कारण वेगळं असतं.

सगळे खिळे उपटू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे खिळा भोकात घट्ट रुतलेला असतो आणि ओढताना भोवतालचं लाकूड घेऊन बाहेर येतो. ज्यानं आता काहीच धरलेलं नाही तेवढाच काढा. जागेचा क्रमांक घालून जपून ठेवा. त्याचा छेद चौकोनी की गोल, टोक आत वळवलेलं की सरळ, यावरून बांधणीची पद्धत कळते. बाकीच्यांच्या उघड्या डोक्यांवरचा सुटा गंज काढून टॅनिक आम्लाचं द्रावण लावा, सुकल्यावर सूक्ष्मस्फटिक मेण. सांध्यात आणखी आधार हवाच असेल तर जुन्या भोकांना हात न लावता शेजारी स्टेनलेस स्क्रू द्या आणि नोंदवहीत लिहा.

आर्द्रतेत तडजोड करावी लागेल हेही लक्षात घ्या. ब्रिस्टलच्या एसएस ग्रेट ब्रिटन या लोखंडी जहाजाच्या तळाभोवती हवा 20 टक्क्यांच्या आसपास ठेवतात, कारण क्लोराइड मुरलेलं लोखंड त्याहून दमट हवेत गंजत राहतं. लाकडी होडी त्या हवेत फाटून जाईल. तुमच्याकडे 50 ते 55 हाच मध्य.

रंगाला कोरडा सँडपेपर मुळीच लावू नका. जुन्या थरांत शिसं असतं. पाण्याखालच्या भागावर तांबं, कधी पारा किंवा आर्सेनिक, आणि अलीकडच्या थरांत ट्रायब्यूटिल टिन, म्हणजे तळावर जीव चिकटू नयेत म्हणून रंगात घालायचं विष. जहाजांवर त्याच्या वापराला आंतरराष्ट्रीय करारानं बंदी लागू झाली ती 2008 साली, तेव्हा ते सापडणारच असं धरून चाला. एफएफपी3 (बारीक धूळ अडवणारी) मुखपट्टी लावा, पृष्ठभाग ओलसर ठेवून खरवडा, खरवडलेलं सगळं गोळा करा.

पण खरवडायचंच कशाला? कुठेतरी आडबाजूला 3-4 सेमीची एक खिडकी उघडा. स्केलपेलनं आणि बारीक ओल्या सँडपेपरनं थर पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत न्या, म्हणजे झाडाच्या वर्तुळांसारखे सगळे रंग एकाशेजारी एक दिसतात. कुठला काठ आधी हिरवा होता, पाण्याची रेषा कधी वर सरकली म्हणजे होडी कधीपासून जास्त माल वाहू लागली, हे त्या चार सेंटिमीटरांत वाचता येतं. सगळा रंग काढून चकचकीत नवा दिला की ते कायमचं गेलं.

तेल आणि फायबरचं उत्तरही यातच आहे. जवसाचं तेल परत निघत नाही, काळं पडतं, धूळ धरतं. फायबरच्या कवचाखाली ओल कोंडते आणि बाहेरून होडी उत्तम दिसत असताना आत लाकडाचा भुसा होतो.

---

नाळ_ते_सुकाणू

मनापासून आभार सगळ्यांचे. दोन प्रश्न उरले. एक फळी जवळजवळ 70 सेमी पूर्ण कुजलीय, तिथे काय? आणि नदीच्या गाळातून निघालेली एकाच खोडाची कोरीव होडी हौदात पाण्याखाली ठेवलीय. तीही याच तंबूत वाळवावी का?

---

कोरडी_गोदी

फळीचं मी सांगतो. कुजलेल्या भागामुळे आकार ढळत नसेल तर तो तसाच ठेवून आतून आधार द्या. बदलावाच लागला तर तेवढाच तुकडा बदला. त्याच जातीचं, त्याच दिशेनं चिरलेलं लाकूड घ्या आणि तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब ठेवा. 25 मिमी फळीला 200 मिमी. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला बदलल्याचं वर्ष कोरा. काढलेला तुकडा फेकू नका, त्यावर हत्याराच्या खुणा असतात. कुठल्या बाजूची फळी, तळापासून कितवी, नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) कितव्या वांकापासून कितव्यापर्यंत, हे लिहिलेली प्लास्टिकची चिठ्ठी त्याला बांधा. कागदी चिठ्ठी टिकत नाही.

---

ओलावा_बघा

कोरीव होडीला त्या तंबूत नेऊ नका! ते पूर्णपणे वेगळं प्रकरण आहे. गाळात शेकडो वर्षं राहिलेल्या लाकडातलं सेल्युलोज बरंच गेलेलं असतं, पेशींना आकार दिलेला असतो तो नुसत्या पाण्यानं. पाणी उडालं की पेशी कोलमडतात आणि होडी वेडीवाकडी आकसते. ते नुकसान भरून येत नाही.

सध्या ती हौदातच राहू द्या. पूर्ण बुडलेली, अंधारात, शक्य तितकी थंड, पाणी ठरावीक दिवसांनी बदलत. खाली पूर्ण लांबीचा आधार हवा, कारण ओलं लाकूड स्वतःचं वजन पेलत नाही. पुढची पायरी म्हणजे पाण्याच्या जागी पॉलिथिलीन ग्लायकॉल (पाण्यात विरघळणारा मेणासारखा पदार्थ) भरणं, आणि ते वर्षांच्या हिशोबानं चालतं. स्टॉकहोमच्या ‘वासा’ या समुद्रातून काढलेल्या युद्धनौकेवर 1962 ते 1979 त्याची फवारणी चालली, मग सावकाश वाळवण. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या तशाच जहाजावर 1994 ते 2013. कमी रेणुभाराचं ग्लायकॉल आत शिरून पेशींच्या भिंती भरतं, जास्त रेणुभाराचं मोकळ्या पोकळ्या भरतं, म्हणून बऱ्याचदा दोन टप्प्यांत देतात. एका खोडाची होडी मावेल एवढं गोठवून वाळवायचं यंत्र कुठल्या प्रयोगशाळेत असेल तर काळ बराच वाचतो.

आणि लोखंड इथेही सोडत नाही. गाळातल्या जिवाणूंमुळे लाकडात गंधक साठतं. बाहेर हवेत, लोहाच्या सान्निध्यात, त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. 2000 सालच्या दमट उन्हाळ्यात ‘वासा’च्या लाकडावर आम्लयुक्त क्षारांचे थर उमटले ते याच कारणानं, आणि तिथले पाच हजारांहून जास्त बोल्ट पुढे बदलावे लागले. तुमच्या कोरीव होडीत एखादा लोखंडी खिळा किंवा पट्टी असेल तर ग्लायकॉल सुरू करण्याआधी संवर्धकाला ती दाखवा. हौदाला लोखंडी झाकण किंवा लोखंडी आधार असेल तर तो आजच बदला.