जॅग्वार एक्सजे६ की मर्सिडीज डब्ल्यू११६? मदत हवीये

स्टुटगार्टकर:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इकडे जर्मनीत आहे, आता एक जुनी गाडी घ्यायचीच असं ठरवलंय. दोन डोक्यात बसल्यात, जॅग्वार एक्सजे६ सीरिज २ ची ४.२ लिटर आणि मर्सिडीज २८० एसई, म्हणजे डब्ल्यू११६. दोन्ही ३० वर्षांच्या वरच्या, म्हणजे एच-नंबरप्लेटचा (इकडे जुन्या, ऐतिहासिक गाड्यांना मिळते ती) प्रश्न नाही. रोज चालवायची नाहीये, वीकेंडला बायको आणि लेकीला घेऊन लांब जायचं. मन जॅग्वारकडे ओढतंय पण जो तो म्हणतो मर्सिडीजच घे!

पंत_कॉव्हेंट्री:
जॅग्वार घे मित्रा. १९६८ ला एक्सजे आली तेव्हापासून त्या राइडला तोड नाही. मागे प्रत्येक चाकाला दोन-दोन स्प्रिंगा, आणि अख्खं सस्पेन्शन एका सबफ्रेमवर (बॉडीखालची वेगळी चौकट), तीही रबरी माउंटिंगवर बसवलेली, त्यामुळे रस्त्याचा आवाज आत येतच नाही. लेक मागे गाढ झोपेल बघ. फक्त १९७५ किंवा नंतरची बघ, त्या लाँग व्हीलबेस आहेत, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जास्त, मागे पाय नीट पसरतात. आणि हिला पेट्रोलच्या टाक्या दोन, मागच्या दोन्ही बाजूंना एकेक, डॅशबोर्डवरच्या बटणाने बदलायच्या. ट्रायल घेताना दोन्हीवर चालव, एखादी आतून गंजलेली निघते.

पाना_हातोडी:
पंत राइडचं बोलले ते शंभर टक्के खरंय, पण त्याच सबफ्रेममध्ये मागचे ब्रेक आहेत ते कोण सांगणार? चाकाशी नाहीत, पार आत डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना इंजिनची ताकद वाटून देणारा भाग) चिकटून. डिफचं सील गळायला लागलं की ऑइल थेट ब्रेकच्या डिस्कवर! आणि तिथे हात घालायचा म्हणजे तासांचं बिल, पार्ट स्वस्त असला तरी. म्हणून बघायला जाशील तेव्हा गाडी लिफ्टवर चढवायलाच लाव, डिफच्या दोन्ही बाजू कोरड्या पाहिजेत. मर्सिडीजमध्ये हा ताप नाही, कंपनीकडून अजून बरेच पार्ट मिळतात आणि तू तर स्टुटगार्टातच बसलायस. पण गंज तिलाही सोडत नाही हं, जॅक पॉइंट (जॅक लावायच्या जागा) आणि पुढच्या कार्पेटखालचा पत्रा बघच. १९७८ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ऑप्शन होता, तो असलेली मिळाली तर सोडू नकोस.
लेक किती वर्षांची? मागे बेल्ट नसतील तर जर्मनीत ३ वर्षांखालचं मूल बसवता येत नाही.

स्टुटगार्टकर:
अरे हे बेल्टचं लक्षातच नव्हतं, लेक दोन वर्षांची आहे. शनिवारी जॅग्वार बघायला चाललोय, १९७६ ची आहे, मालकाला आजच बेल्टचं विचारतो आणि लिफ्टचंही. @पंत, सीरिज २ मध्ये मागे बेल्ट नंतर बसवता येतात का, बेल्ट अडकवायचे माउंटिंग पॉइंट असतात का?