मदत हवी आहे: आईबाबांसोबत ब्रिटनमधली संग्रहालयं, काय ठेवू आणि काय गाळू?

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी,

मे अखेरीस आईबाबांना घेऊन ब्रिटनला चालले आहे. भाऊ लंडनजवळ रेडिंगला असतो, मुक्काम त्याच्याकडेच. तो आणि वहिनी दोघंही नोकरीवाले, त्यामुळे शनिवार-रविवार सोडला तर फिरवण्याचं खातं माझ्याकडे. हाताशी तीन आठवडे आहेत म्हणून निर्धास्त होते, पण मग घरातल्या प्रत्येकाने आपापली यादी काढली.

आई निवृत्त चित्रकला शिक्षिका. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवण्यात हयात गेली, आणि जलरंग म्हणजे तिचा जीव की प्राण. टर्नर आणि कॉन्स्टेबल हे इंग्रज चित्रकार तिने फक्त छापील पाहिलेत. बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाले, त्यांना यॉर्कचं रेल्वे संग्रहालय हवंच आहे, शिवाय लंडनमधलं बाबासाहेबांचं घर. भावाच्या डोक्यात स्टोनहेंजचं प्राचीन दगडांचं रिंगण, बाथ आणि एडिंबरा. मला वेल्समधलं पॉविस कॅसल बघायचंय, कारण क्लाइव्हच्या घराण्याने हिंदुस्थानातून नेलेल्या वस्तू तिथे आहेत, टिपूचा तंबूसुद्धा. आणि काकांची ताकीद आहे की वाघनखं बघितल्याशिवाय परत येऊ नका.

मुख्य अडचण आईच्या गुडघ्यांची. सपाटीवर अर्धा तास चालते, जिने मात्र नको होतात. व्हीलचेअरचं नाव काढलं की "मी काय म्हातारी झाले का?" ऐकावं लागतं.

यादीतलं काय गाळू? आणि ते निरनिराळे पास असतात त्यातला कुठला घ्यावा? मी जेवढं वाचते तेवढा गोंधळ वाढतोय.

थेम्सकाठचा_कावळा

काकांपासून सुरुवात करू. वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची, पण जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्यांच्यासाठी लंडनला खेप नको. साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्याकडून ती तिकडे गेली. अफझलखानाच्या वेळची तीच का, याची खात्री देता येत नाही, असं ते संग्रहालयच म्हणतं. हे काकांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पॉविस गाळा. वस्तू हजारावर आहेत आणि बघण्यासारख्या आहेत, वाद नाही. पण रेडिंगहून वेल्शपूलपर्यंत गाड्या बदलत जायचं, पुढे स्टेशनपासून गढीपर्यंत चढ, आणि बागाही उतारावर पायऱ्या-पायऱ्यांच्या. आईंच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही. तुम्ही पुढे कधीतरी एकट्या जा.

खडू_फळा

ताई, पासच्या गोंधळाचं कारण असं की या जागा एका मालकाच्या नाहीत. स्टोनहेंज इंग्लिश हेरिटेजकडे, पॉविस नॅशनल ट्रस्टकडे, टॉवर ऑफ लंडन हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसकडे, बाथची रोमन स्नानगृहं तिथल्या कौन्सिलकडे, एडिंबराचा किल्ला स्कॉटलंडच्या वेगळ्या संस्थेकडे. एकाचा पास दुसऱ्याच्या दारात सहसा चालत नाही. इंग्लिश हेरिटेजचा परदेशी पाहुण्यांसाठीचा पास ९ किंवा १६ दिवसांचा असतो आणि तो ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला मिळत नाही, म्हणजे भाऊ-वहिनी बाहेरच. तुमच्या यादीत त्यांचं एकच ठिकाण आहे. पास घेऊच नका, स्टोनहेंजचं वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि विषय संपवा. तिथे पाहुण्यांच्या केंद्रापासून दगडांपर्यंत बस नेऊन सोडते, आईंना चालावं लागणार नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवा: नेहमीच्या वेळेत दगडांच्या रिंगणात जाऊ देत नाहीत, बाहेरूनच बघायचं.

टॉवर तुमच्या यादीत नाही हे उत्तम. कोहिनूरसाठी लोक जातात, तिकीट भरभक्कम, जिनेही भरपूर.

पैसे वाचवायचे तर ते रेल्वेत वाचतील. आईबाबा कायम बरोबरच फिरणार ना? मग दोघांना दोन सीनियर रेलकार्डं काढण्यापेक्षा एकच 'टू टुगेदर' कार्ड काढा. किंमत एका सीनियर कार्डाएवढीच, दोघांच्या भाड्यात एक तृतीयांश सूट. अट एवढीच की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. तसंही सकाळच्या गर्दीच्या गाड्यांची तिकिटं महाग असतात, आणि आईंना गर्दी सोसणार नाही.

थेम्सकाठचा_कावळा

खडू_फळा यांच्याशी सहमत. शिवाय हे लक्षात घ्या की ब्रिटनमधली राष्ट्रीय संग्रहालयं डिसेंबर २००१ पासून सर्वांना मोफत आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, लंडनमधल्या दोन्ही टेट गॅलऱ्या, यॉर्कचं रेल्वे, एडिंबराचं राष्ट्रीय संग्रहालय, कुठेही पैसे नाहीत (खास प्रदर्शनं वगळून). आपल्याकडची मंडळी मात्र तिकीट वसूल करायला आल्यासारखी सकाळी आत शिरतात आणि पाय मोडेपर्यंत बाहेर पडत नाहीत. तुम्ही दीड तास बघा, चहा प्या, घरी जा. परवा परत या. रेडिंगहून लंडनचं पॅडिंग्टन स्टेशन जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत.

ब्रिटिश म्युझियममध्ये आख्खं जग बघायचा हट्ट नको. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं काचेआडच्या दालनात आहेत, तिथे थेट जा. इजिप्तच्या रोझेटा शिळेभोवतीची (प्राचीन शिलालेख) गर्दी लांबून बघितली तरी चालेल, माझ्या मते.

ओली_वॉश

तुमच्या आईंसाठी खास लिहिते आहे, मीही चित्रकलेतलीच, जेजे स्कूल ऑफ आर्टची.

जलरंग उजेडाने फिके पडतात, म्हणून ते कायम भिंतीवर नसतात. एडिंबराच्या राष्ट्रीय गॅलरीकडे हेन्री वॉन यांनी दिलेली टर्नरची ३८ जलरंग चित्रं आहेत. ती फक्त जानेवारीत लावायची, कारण तेव्हा उजेड सर्वांत मंद, अशी त्यांच्या मृत्युपत्राचीच अट आहे. म्हणजे जूनमध्ये ती दिसणार नाहीत. फक्त टर्नरपायी एडिंबरा धरू नका.

पण लंडनला टेट ब्रिटनमध्ये प्रिंट्स अँड ड्रॉइंग्ज रूम आहे. आधी ईमेलने वेळ घेतली की तुम्ही मागितलेली मूळ चित्रं तुमच्यासमोर टेबलावर आणून ठेवतात. मोफत. टर्नरने मागे ठेवलेला कागदावरच्या कामांचा खजिना तिथेच आहे, स्केचबुकांसकट. मध्ये काच नाही, गर्दी नाही, बसायला खुर्ची. कागदाचा पोत आणि वॉशच्या, म्हणजे पातळ रंगाच्या थराच्या, कडा इतक्या जवळून दिसतात की भिंतीवरचं चित्र तुलनेत लांबचं वाटतं. टेटच्या वेबसाइटवर प्रत्येक चित्राचा क्रमांक असतो, त्यातून आईंना निवडू दे. जागा मोजक्या असतात, आजच लिहा.

दुसरं, नॅशनल गॅलरी. तिथे टर्नरचं 'रेन, स्टीम अँड स्पीड' आहे, १८४४ चं. पावसातून धडधडत येणारं ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं इंजिन. आईंना टर्नर मिळाला, बाबांना इंजिन! चित्रातला पूल मेडनहेडचा, ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेला, आणि रेडिंगहून पॅडिंग्टनला जाताना तुमची गाडी त्याच पुलावरून जाणार आहे. कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (१८२१) त्याच इमारतीत.

व्हीलचेअरचा विषय सोडून द्या. पुष्कळ संग्रहालयांत घडीचं स्टूल मिळतं, चौकशीच्या खिडकीवर मागा. चित्रासमोर स्टूल टाकून पेन्सिलीने स्केच करत बसलेल्या बाईला कुणी म्हातारी म्हणत नाही.

केतकीचं_बन

सगळ्यांचे खूप खूप आभार. ओली_वॉश, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, तेव्हापासून ती टॅब सोडत नाहीये. टेटला ईमेल गेला.

तर पॉविस रद्द. एडिंबराचं काय? बाबांना यॉर्क हवंच. आणि बाबासाहेबांचं घर जिन्यांचं आहे का?

थेम्सकाठचा_कावळा

यॉर्क-एडिंबरा एकाच मार्गावर आहे, लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून. यॉर्कला दोन तास, तिथून पुढे आणखी अडीच. यॉर्कला दोन रात्री राहा आणि परत फिरा, एडिंबराला भाऊ नंतर आपला आपण जाईल. शहर चढउताराचं, फरसबंदीचं आहे. रेल्वे संग्रहालय यॉर्क स्टेशनला खेटून आहे. १९३८ साली ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेगाने धावलेलं मॅलर्ड तिथे आहे, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही अबाधित. जपानच्या शिनकान्सेन बुलेट ट्रेनचा डबाही आहे, आत बसता येतं. बाबांसाठी पूर्ण दिवस ठेवा, आईंना दुपारी यॉर्कच्या मिन्स्टरमध्ये (तिथलं भव्य चर्च) न्या, तिथल्या रंगीत काचा त्यांना आवडतील.

बाबासाहेबांचं घर १०, किंग हेन्रीज रोड, प्रिमरोज हिलजवळ. लंडनला शिकत असताना, १९२१-२२ मध्ये ते तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं. चॉक फार्म हे जवळचं स्टेशन. जुन्या पद्धतीचं मजल्यांचं घर आहे, जिने आहेत. तळमजला आईंनी बघावा, वर बाबांनी जावं. निघण्याआधी उघडं असल्याची खात्री करा.

खडू_फळा

लंडनमध्ये आईंना भुयारी रेल्वेपेक्षा बस बरी. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाजवळच्या साउथ केन्सिंग्टन स्टेशनला जिने आहेत. बसला बँकेचं कार्ड टेकवलं की पहिल्या भाड्यात तासाभरात दुसरी बसही चालते. चाकांच्या मोठ्या बॅगा घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊ नका, आत घेत नाहीत.

आणि पाऊस लागला तर रेडिंगमध्येच रेडिंग म्युझियम आहे, मोफत. नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्याची कथा सांगणाऱ्या बायो टॅपेस्ट्री या मध्ययुगीन भरतकामाच्या पटाची पूर्ण लांबीची प्रतिकृती आहे तिथे, इंग्लंडमधल्याच लीक गावच्या बायकांनी १८८०च्या दशकात भरलेली.

ओली_वॉश

टेटकडून उत्तर आलं की चित्रांचे क्रमांक लगेच कळवा. आणि आईंना सांगा, त्या खोलीत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.