मदत हवी आहे : झाऊ (नदीकाठचं क्षार सोसणारं झुडूप, Tamarix) भूजल पितो की वरच्या मातीतलं पाणी, हे वेगळं कसं करावं?

चीनमधल्या तारीम नदीच्या खालच्या टप्प्यात 1972 च्या धरणानंतर सुमारे 320 किलोमीटर पात्र कोरडं पडलं आणि भूजल खोल गेलं. 2000 पासून तिथे मुद्दाम पाणी सोडतात. काठापासून दूर जाणाऱ्या रेषेवर, निरीक्षण विहिरींलगतच्या झाऊच्या झुडपांचा अभ्यास आखतोय.

मुख्य अडचण समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची. साल काढलेल्या जुन्या फांदीतलं पाणी, दर 20 सेंटिमीटरवरची माती आणि विहिरीचं पाणी यांत ड्युटेरियम (जड हायड्रोजन) व ऑक्सिजन-18 (जड ऑक्सिजन) मोजायचं आहे, म्हणजे झुडपातलं पाणी कुठल्या स्रोताशी जुळतं ते कळेल. पण क्षार सोसणाऱ्या झुडपांची मुळं पाणी घेताना ड्युटेरियम काहीसं मागे ठेवतात. बाष्पीभवनामुळे वरच्या मातीत ते आधीच जास्त असतं, म्हणून झुडपातलं पाणी भूजलासारखं दिसतं आणि हिशोबात भूजलाचा वाटा फुगतो. फक्त ऑक्सिजन-18 धरलं तर दोनच स्रोत वेगळे करता येतात, आणि भूजलाच्या वरचा केशाकर्षणाने ओला राहणारा थर तिसरा उरतो. मागे राहणाऱ्या ड्युटेरियमसाठीची दुरुस्ती कुणी कुंडीतल्या रोपांवर पडताळून केली आहे का?

दुसरं, पहाटेचं जलविभव, म्हणजे झुडपातलं पाणी किती ताणाखाली आहे याचं माप. प्रेशर चेंबरचं (फांदीवर दाब देऊन हा ताण मोजणाऱ्या उपकरणाचं) वाचन मातीच्या जलविभवाशी जुळेलच असं नाही. रात्रीचं बाष्पोत्सर्जन आणि पानांतले क्षार ते आणखी ऋण दाखवतात. संध्याकाळी फांदीला प्लास्टिक पिशवी बांधली तर पहिलं कारण जातं. क्षारांचं काय करता?

आणि भूजल किती खोल आहे यापेक्षा ते किती वेगाने उतरलं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण मुळं हळू उतरणाऱ्या पाण्यामागे जाऊ शकतात. त्यासाठी विहिरीतली नोंद रोजची हवी की आठवड्याची पुरेल?