लढाई नुसता अडथळा असेल तर सहा जणांची पार्टी हवी कशाला?

देवगडकर
काल इथे एकाने लिहिलंय, “पार्टीवाल्या आरपीजीत (सोबत्यांची टोळी घेऊन खेळायच्या गोष्टीच्या व्हिडिओ गेममध्ये) फायटिंग म्हणजे दोन डायलॉगमधला अडथळा. मी ईझीवर टाकते नि गोष्ट बघते.” रात्रभर डोक्यात तेच. बाल्डर्स गेट २ (२०००) मध्ये आपल्या पार्टीतला योद्धा मिन्स्क, तो जिला जपायचा ती डायनाहीर मेल्यावर, एअरी या सोबतिणीचा रक्षक होतो. पण तोच मिन्स्क बर्सर्क झाला, म्हणजे रागाने बेभान झाला, की हाताबाहेर जातो, जवळ आपला माणूस असला तर त्यालाही सोडत नाही. माझ्या गेममध्ये त्याने एअरीलाच पाडलं. पुढे सगळा गेम मी त्याला तिच्यापासून लांब उभा करत राहिलो. त्या माणसाचा स्वभाव मला त्या दिवशी कळला. ईझीवर शत्रू दोन फटक्यांत मरतात, त्याला बर्सर्क करायची वेळच येत नाही. मग हे कळणार कसं?

दापोलीची
ते लिहिणारी मीच. प्लेनस्केप टॉरमेंटमधली (१९९९) मारामारी आठवते का कुणाला? मला त्यातला सोबती डाक्कॉन आठवतो. त्याच्याकडचं झर्थिमॉनचं चक्र, म्हणजे त्याच्या धर्माच्या शिकवणींची चकती, उलगडत वाचायचं, प्रत्येक शिकवणीचा अर्थ त्याला सांगायचा, आणि सांगता सांगता दिसतं की शिकवणाऱ्याचीच श्रद्धा डळमळलेली आहे. शेवटचा सामनाही नुसता बोलून जिंकता येतो. उलट पाथफाइंडर किंगमेकर (२०१८) घ्या. सुरुवातीलाच एका गुहेत कोळी किड्यांचे थवे, तलवार त्यांना लागत नाही, अ‍ॅसिडच्या बाटल्या नसतील तर मेलात. अशा लढाईला खोल म्हणायचं? आंब्याचा सीझन सुरू झाला की पेट्या भरून होईतो आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजतात. मला तासभर मिळतो. तो मी कोळ्यांना का देऊ?

देवगडकर
पेट्या आम्हीपण भरतो. डाक्कॉनचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं. ते चक्र उलगडताना लढाईत वापरायचे स्पेल (जादूमंत्र) मिळतात, हे कुठे गेलं? आणि त्याची तलवार त्याच्या मनाप्रमाणे बदलते. श्रद्धा घट्ट, तर धार घट्ट. ही फायटिंगच आहे.

मालवणी झील
आइसविंड डेलमध्ये (२०००) सहाही जण आपणच बनवायचे, लिहिलेली गोष्ट कुणालाच नाही. भावाने क्लेरिकला (जखमा बऱ्या करणाऱ्या पुजारणीला) आमच्या आजीचं नाव दिलं होतं. एका लढाईत ती मेली तर पोरगा जेवायला उठेना. जुना सेव्ह काढून पाच वेळा तीच लढाई लढला, शेवटी तिला दाराआड उभी करून जिंकला. बाहेर पाऊस, लाइट कधीही जाईल अशी, आणि हा दर दोन मिनिटांनी सेव्ह करतोय. दशावतारात बघा, राजा नि राक्षस बोलून दमले की पखवाज चढतो, युद्ध सुरू होतं, तेव्हा सगळं देऊळ जागं होतं.

सावंतवाडकर
दशावताराला लिहिलेली संहिता नसते. पात्रं उभ्या उभ्या संवाद रचतात, आणि जाणती माणसं त्यासाठी पहाटेपर्यंत देवळासमोर बसतात. माझे काका पंचवीस वर्षं स्त्रीपार्ट करत होते, तलवारीला हात लावला नाही. त्यांचा विलाप सुरू झाला की बायका डोळ्यांना पदर लावायच्या. युद्ध पोरांसाठी असतं.

मालवणी झील
पोरांसाठी? माका अजिबात पटाक नाय. माझे आजोबा पखवाज वाजवायचे. युद्धात कोण दमलाय, कोण अजून पेटलेला आहे, हे त्यांना नटाच्या पायांवरून कळायचं आणि त्याप्रमाणे ते लय ओढायचे, नाहीतर सैल सोडायचे. घामाने भिजलेला राजा एका गुडघ्यावर येतो तेव्हा त्याला संवादाची गरज नसते. शब्द मागे घ्या.

सावंतवाडकर
घेत नाही. आजोबांबद्दल आदर आहे. पण तो राजा गुडघ्यावर आल्यावर पोटात कालवतं, कारण आधी तासभर त्याचं ऐकलेलं असतं. बोलणं काढा, मग उरतात दोन घामाघूम माणसं.

मालवणी झील
आणि युद्ध काढलंत तर ऐकलेलं सगळं अधांतरी राहतं. माझ्या आजोबांच्या हाताला घट्टे पडले होते, ते पोरांसाठी नव्हे.

दापोलीची
धागा गेमचा होता, दादांनो.

देवगडकर, तलवारीचं मान्य. विसरले होते. पण विसरले कारण टॉरमेंटमध्ये ती तलवार चालवायला मजाच येत नाही. लढाई चांगली केली असती तर ती तलवार माझ्या लक्षात राहिली असती, म्हणजे तुमचं निम्मं खरं धरते. निम्मंच. एअरी मेली असती तर मीही सेव्ह काढला असता, पण तिची गोष्ट आधी ऐकलेली होती म्हणून. आणि कोळ्यांना माफी नाही.