प्रतिसाद: १४०० शब्दांची कथा १००० शब्दांत कशी बसवायची?

सोलापुरातल्या यंत्रमाग कामगारावरची कथा नवोदितांच्या स्पर्धेसाठी ४०० शब्दांनी कमी करायची, असा वरचा प्रश्न आहे. प्रत्येक वाक्यातला एकेक शब्द खुडत बसू नका, त्याने भाषा कोरडी पडते. आख्खा प्रसंग काढा. बहुतेक वेळा तो सुरुवातीचाच असतो: पहाट, सिद्धेश्वर तलाव, गड्डा यात्रेची (सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेची) गर्दी. कथा माग अचानक थांबतो तिथून सुरू करा. तो का थांबला, धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) अडकला, त्यातली धाग्याची कांडी संपली की ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला, एवढं नेमकं लिहिलंत तर कारखान्याचं वर्णन वेगळं लागत नाही. पात्रं दोन, फार तर तीन. सोलापुरातल्या अनेक विणकर कुटुंबांसारखी पात्रांच्या घरात तेलुगू बोलली जात असेल तर एखादा शब्द तसाच राहू द्या, पण अर्थ संदर्भातून कळला पाहिजे.

आता पाठवण्याचं. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी (छपाईच्या मांडणीसाठीच्या) फॉन्टमधली फाइल, तो फॉन्ट परीक्षकाकडे नसेल तर, निरर्थक अक्षरांत उघडते. विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहा, ‘घरा वर’ असं तोडलं की शब्दसंख्याही फुगते. लेखकाचं नाव कथेच्या पानावर नको असा स्पर्धेचा नियम असेल तर ते फाइलच्या नावातूनही काढा, हे हमखास राहतं.