कुत्र्याच्या पायदुखीला चुंबकाचा पट्टा, खरंच आराम पडतो का?

पंचवटीकर:
आमचा राजा ११ वर्षांचा झालाय, मागचे पाय धरलेत. सकाळी गोदाकाठी नेतो तर पायरीशी येऊन थांबतो, पुढचे दोन पाय वर ठेवतो आणि माझ्याकडे बघत राहतो, बघवत नाही हो. एका दुकानात चुंबकाचा पट्टा दाखवला, म्हणे उंदरांवर प्रयोग करून सिद्ध झालंय. असे प्रयोग खरंच झालेत का? पैशाचं काही नाही, त्याला बरं वाटलं पाहिजे.

गंगापूर_रोड:
दादा प्रयोग झालेत, खोटं नाही. कॅनडात फ्रँक प्राटो, मार्टिन काव्हालिएर्स वगैरे मंडळींनी गोगलगायी आणि उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलंय. गोगलगाय ४० डिग्रीच्या गरम पत्र्यावर ठेवायची आणि अंगाचा पुढचा भाग किती सेकंदांनी वर उचलते ते मोजायचं. मॉर्फिन (अफूपासूनचं दुखणं मारणारं औषध) दिलं की ती उशिरा उचलते, पण ६० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारं, हलकं चुंबकीय क्षेत्र लावलं तर मॉर्फिनचा असरच कमी झाला, म्हणजे दुखणं उलट जास्त जाणवलं! नंतर चुंबकीय क्षेत्राचे ठराविक आकाराचे झटके (पल्स) देऊन आरामही पाडून दाखवला. म्हणजे क्षेत्र कसं, किती, किती वेळ यावर सगळं अवलंबून.

उंदरांचं तर अजून वेगळं. पृथ्वीचं क्षेत्र अडवणाऱ्या पेटीत रोज १ तास ठेवलं, काही दिवसांत गरम पत्र्याचा चटका त्यांना कमी जाणवायला लागला आणि दहाएक दिवसांत परत पहिल्यासारखं झालं. नॅलोक्सोन (अफूचा असर तोडणारं औषध) दिलं की तो आराम गायब, म्हणजे शरीरातल्याच अफूसारख्या रसायनांचा खेळ. पण इथे क्षेत्र काढून घेतलं होतं, चुंबक बांधला नव्हता, हे दुकानदार सांगणार नाही.

पंचवटीकर:
अरे बापरे, हे तर उलटंच निघालं. मग पट्टा घ्यायचा की नाही?

सिडको_वाला:
मी तरी घेणार नाही. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या (क्षेत्राची ताकद मोजायचं एकक) आसपास, साधा फ्रिजवरचा चुंबक जवळून त्याच्या शंभरपट तरी असतो, त्यामुळे त्या नाजूक प्रयोगांशी पट्ट्याचा संबंध लावता येत नाही. पृथ्वीचं क्षेत्र मोजणं इतकं नाजूक की मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजमाप बिघडेल म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली होती. आणि माणसांवरच्या चाचण्यांतही साध्या चुंबकाने दुखणं कमी होतं असा ठोस पुरावा मिळालेला नाही.

राजाला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, बहुतेक संधिवात असेल, त्यावर मेलॉक्सिकॅमसारखी औषधं ते वजन बघून देतात. आपली आयबुप्रोफेनची गोळी चुकूनही देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला विषासारखी लागते. घरात गुळगुळीत फरशी असेल तर गोणपाट टाका, पाय घसरत नाही.

पंचवटीकर:
फरशीच आहे, आत्ताच गोणपाट टाकतो. पायऱ्यांवरून उद्यापासून उचलूनच नेईन, २२ किलोचा आहे पण चालेल.