मदत हवी आहे : हिरड्यांचा आजार पेशंटला कॅमेऱ्यावर कसा पटवावा?

दातांचा_दवाखाना_घाटंजी :
यवतमाळ जिल्ह्यात दवाखाना आहे. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) आणि बिडीवाले पेशंट भरपूर. दातांवर किटण चढलेलं असतं, पण उत्तर ठरलेलं : "दुखत त नाही, मंग सफाई कायले?" यूएसबीचा इंट्राओरल (तोंडाच्या आत धरायचा) कॅमेरा घेतलाय. फोटो धूसर येतात, आणि ते बघूनही लोक पुन्हा फिरकत नाहीत. काय दाखवू, कोणत्या क्रमाने?

पेरिओ_अमरावती :
तोंडातल्या वाफेने भिंग धुरकटतं. कॅमेरा थोडा आधी सुरू करून कोमट होऊ द्या, पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा. प्लॅस्टिकचं कव्हर ताणून बसवा, भिंगावर सुरकुती राहिली की फोकस गेला. लाळ टिपून घ्या, नाहीतर एलईडीची चकाकी नेमकी हिरडीच्या कडेवर येते.

सगळं तोंड दाखवू नका, माणूस गांगरतो. किटणासाठी खालचे पुढचे दात आतून दाखवा. मग एकाच दाढेजवळ डब्ल्यूएचओ प्रोब (हिरडीखालची खोली मोजायची खुणांची बारीक सळई) हलक्या हाताने घालून, तो आत असतानाच फोटो काढा. 3.5 ते 5.5 मिमीचा काळा पट्टा अर्धवट बुडाला तर 4-5 मिमीचा पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल फट), पूर्ण बुडाला तर 6 मिमी किंवा जास्त. "हा काळा पट्टा पूर्ण बाहेर दिसायला हवा होता," एवढंच बोला. प्रोब काढून अर्धा मिनिट थांबा, रक्त आलं तर त्याच जागेचा दुसरा फोटो.

सफाईआधीचे फोटो जपाच. किटण निघालं की फटी जाणवतात आणि "सफाईनं दात हालले" अशी बोंब होते. तेव्हा जुना फोटोच कामी येतो.

लोकआरोग्य_वणी :
लाइट गेली तर दोनरंगी डिस्क्लोजिंग (दातांवरचा थर रंगवून दाखवणारं) द्रावण. ओठांना व्हॅसलीन, कापसाने द्रावण लावा, एक चूळ. नवा थर गुलाबी, जुना निळा-जांभळा. हातात आरसा आणि ब्रश देऊन रंग त्यालाच काढायला लावा. माझ्या मते कॅमेऱ्यापेक्षा हे जास्त पटतं, कारण हात त्याचा चालतो. द्रावणात एरिथ्रोसिन हा लाल रंग असेल तर त्यात आयोडीन असतं, ॲलर्जी आधी विचारा.

दातांचा_दवाखाना_घाटंजी :
बिडीवाल्यांना रक्तच येत नाही, त्यांचं काय?

पेरिओ_अमरावती :
धूम्रपानाने रक्तस्राव दबतो, आजार नाही. तिथे पॉकेटची खोलीच दाखवा. बिडी सुटल्यावर काही काळ रक्त जास्त येऊ शकतं, हे आधीच सांगा, नाहीतर बिडी पुन्हा सुरू होते. खर्रावाल्यांत गालाच्या आतली बाजूही कॅमेऱ्यात बघा : पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर हिरड्या नंतर, आधी तपासणीला पाठवा.

फेरतपासणी दोन आठवड्यांनी, त्याच कोनातून. तोवर लाली-सूज उतरलेली दिसते, दोन्ही फोटो शेजारी ठेवा. खोली मात्र सहा-आठ आठवड्यांआधी मोजू नका, हिरडी अजून भरत असते. आणि तारीख गावच्या आठवडी बाजाराचीच द्या. कापूस वेचणीत मजुरी बुडवून कोणी येत नाही.